सातबाऱ्यावर मायचं नाव कुठं हाय?



आम्ही भोर-वेल्ह्याची माणसं. आमचा मुलूख रायरेश्वराचा, तोरण्याचा, राजगडाचा. सभेत आम्ही छाती फुगवून सांगतो, इथं स्वराज्याची शपथ झाली. पण पोटाला काय, तर चार भातखाचरं आणि डोंगरउतारावर नाचणी-वरी. १९२८ साली भाटघरचं धरण पुरं झालं, पाणी खाली नीरेच्या कालव्यांनी गेलं, आणि आमची वडीलधारी माणसं वळकटी बांधून मुंबईला. लालबाग-परळच्या गाळ्यात गावकीची खोली, पाळीपाळीने झोपायचं.

मग गावी शेती कुणी केली? तरवा कुणी काढला, चिखलात वाकून लावणी कुणी केली, भात झोडून वर्षाची बेगमी कुणी केली? आमच्या आयांनी. गिरणीचा पगार तुटपुंजा होता. तो पुरला, कारण गावचे तांदूळ येत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडला, तेव्हाही कित्येकांची चूल गावच्या बाईनेच पेटती ठेवली. संपाच्या इतिहासात तिचा हिशेब कुणी मांडला नाही.

आणि गिरणीत बाया नव्हत्या असं समजू नका. १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत पाच कामगारांमागे एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग खातं बायांचं, वर नायकीण. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं बिल आलं, तेव्हा डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला, आणि १९२९ ला कायदा झाला. मालकानं काय केलं? नवी यंत्रं आली, बाईला रात्रपाळी बंद, बाळंतपणाचा खर्च नको, म्हणून बायांची भरतीच आटवली. आणि युनियनवाले आम्ही! पुरुषाची कपात झाली की गेटावर सभा. बायांचं खातं आटलं तेव्हा बहुतेक ठिकाणी चिडीचूप. एवढी कबुली तरी आज द्यायला पाहिजे.

आता मोठं राजकारण. नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६, मुंबईत गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसं गेली, त्यांत गिरणी कामगार किती! अहिल्याताई रांगणेकरांसारख्या बाया त्या लढ्यात पुढं होत्या. ज्या लोकसभेने १९५६ साली आम्हाला मुंबईसह महाराष्ट्र नाकारून द्वैभाषिक गळ्यात मारलं, त्याच लोकसभेने त्याच साली हिंदू वारसा कायदा करून लेकीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला. हिंदू कोड बिल रखडवलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडलं होतं, त्याचंच हे पुढं तुकड्यातुकड्याने झालेलं काम. पहिल्या गोष्टीवर आम्ही रस्त्यावर आलो, ते बरोबरच. दुसऱ्या गोष्टीवर मात्र गावाकडं जाऊन बहिणीचा अंगठा घेतला!

होय, हक्कसोड. आमच्याच घरात झालंय. बाप गेला, भाऊ मुंबईहून आले, बहिणीला बोलावलं, साडी-चोळी केली आणि कागदावर सही घेतली. ती म्हणाली, "माहेर तुटायला नको." आम्ही खाली मान घालून बसलो, पण कागद परत केला नाही.

१ मे १९६० ला मराठी राज्य झालं. बेळगाव-निपाणी-कारवारकडची आमची माणसं अजून झगडतात, सरकारी कागद आमच्या भाषेत द्या म्हणतात. २००४ साली महाराष्ट्राने त्यासाठी सर्वोच्च न्यायालयात दावा घातला. आमचा सातबारा मराठीतच आहे. त्यावर मायचं नाव कुठं हाय?

कायदा तर पुढं गेला. महाराष्ट्राने १९९४ ला आणि साऱ्या देशासाठी २००५ ला, वडिलार्जित जमिनीत लेक जन्मानं लेकाइतकीच हिस्सेदार ठरली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, २००५ ला बाप हयात नसला तरी लेकीचा हक्क जात नाही. बायकोचं काय? नवऱ्याने अर्ज दिला तर सहधारक म्हणून तिचं नाव लावायची सोय १९९२ च्या लक्ष्मीमुक्ती योजनेनं केली. ग्रामपंचायतीत निम्म्या जागा बायांना आहेत. लोकसभेत आणि विधानसभेत एकतृतीयांश जागांची घटनादुरुस्ती २०२३ ला झाली, ती मात्र जनगणना आणि मतदारसंघांच्या फेररचनेला बांधून ठेवली. म्हणजे ताट वाढलं, आणि पाट नंतर मांडू म्हणाले!

दिल्लीशी भांडायला आम्ही तयार आहोत. पण तलाठ्याकडे अर्ज द्यायला दिल्ली अडवत नाही. म्हणून भोर-वेल्ह्याच्या मंडळींनी ठरवलंय, येत्या लावणीला गावी जाऊ तेव्हा प्रत्येकाने सातबारा काढायचा, बायकोच्या नावाचा अर्ज द्यायचा, आणि बहिणींना बोलवायचं ते सहीसाठी नाही, वाटणीच्या बोलणीसाठी. नावनोंदणी इथंच, व्यासपीठाच्या डाव्या बाजूला चालू आहे. पहिली चार नावं आमची आहेत.