बीबीसी बेसिकचें पुनरुज्जीवन

१९८१ सालीं केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें बीबीसी मायक्रो हा घरगुती संगणक विकावयास काढिला, आणि तो ब्रिटनमधील पुष्कळ शाळांतून पोंचला. त्याची बेसिक भाषा सोफी विल्सन यांनीं अवघ्या १६ किलोबाइटांच्या चिपमध्यें बसविली होती. पुढें तें यंत्र मागें पडलें. परंतु रिचर्ड रसेल यांनीं ती भाषा २००१ सालीं विंडोजवर आणिली.

मूळ भाषेनें आकृति काढतांना पडद्याचे खरे ठिपके मोजलेच नाहींत. आडवे १२८० व उभे १०२४ असे कल्पित भाग मानिले. त्यामुळें जुन्या आकृत्या नव्या पडद्यावरहि उमटतात. ही दूरदृष्टि खरोखर वाखाणण्याजोगी! अडचण येते ती निराळीच. वेगाच्या लोभानें कित्येकांनीं प्रोग्रॅममध्यें मधेंच ६५०२ प्रोसेसरच्या आज्ञा लिहिल्या, अगर स्मृतींतील विवक्षित पत्त्यावर थेट हात घातला. तो प्रोसेसर नव्या यंत्रांत नाहीं, ते पत्तेहि नाहींत. विंडोजवरील आवृत्तींत असेंब्लर आहे खरा, पण तो इंटेलच्या जातीचा. तेव्हां ते भाग नव्यानें लिहावयाचे, तर मूळ कर्त्याचा हेतु ओळीओळींतून हुडकावा लागतो. टिपणें बहुधा सांपडत नाहींत. त्या ३२ किलोबाइटांच्या स्मृतींत टिपणासहि जागा मोजावी लागे.