तपासणाऱ्याचे जेवण कोणी द्यायचे?

(जुन्नर-आंबेगाव तालुक्यांतील कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण. कापूस-ज्वारीच्या टापूतील जिल्हा मेळाव्यांसाठी येथे देत आहोत.)



आज आपण विधिमंडळाच्या समित्यांबद्दल बोलणार आहोत. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या कोरड्या रानाशी त्याचा थेट संबंध आहे.

आमदाराचे भाषण पेपरात येते. हिशेब मात्र समितीत तपासला जातो. सरकारी खर्चावरचा महालेखापालांचा अहवाल लोकलेखा समितीपुढे जातो. पंचायत राज समिती जिल्हा परिषदेचा कारभार पाहते. मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द पाळला का, ते आश्वासन समिती पाहते. डिंभे धरण आंबेगावात; माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे जुन्नरात. पाच धरणे उशाला असून लोणी-धामणीची आणि आणे पठाराची ज्वारी पावसाच्या भरवशावर! उपसा सिंचनासाठी शब्द किती वेळा दिला, पैसा किती ठेवला, किती खर्चला, हे विचारायची जागा म्हणजे या समित्या.

नारायणगावच्या किंवा मंचरच्या बाजारात मापाडी व्यापाऱ्याच्या घरी जेवू लागला, तर काटा कुणीकडे झुकेल हे आपल्याला सांगावे लागत नाही. समिती जिल्ह्यात येते तेव्हा ज्या खात्याची तपासणी, तेच खाते गाड्या, जेवणावळी, मुक्काम पाहते. त्यासाठी कर्मचाऱ्यांकडून वर्गणी गोळा होते, अशी कुजबूज गावोगाव असते.

मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती. तिथल्या शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत १ कोटी ८४ लाखांवर रोकड सापडली. समितीच्या अध्यक्षांनी आरोप फेटाळले, सरकारने विशेष तपास पथक नेमले. पैसा कोणाचा, हे तपासाने ठरावे. तोवर आम्ही कोणावर बोट ठेवत नाही. पण असा संशय यायला जागाच का राहावी?

समिती नीट चालली तर काय होते, हेही पाहू. २०१२ च्या मार्चमध्ये संसदेची कृषी स्थायी समिती यवतमाळ जिल्ह्यात भांबराजा आणि मारेगावला गेली. बीटी कापसाबद्दल शेतकऱ्यांनी तिला स्वतःच्या तोंडाने सांगितले. ऑगस्टमध्ये सर्वपक्षीय सदस्यांनी एकमताने अहवाल दिला. जनुक-बदल पिकांबाबतचा त्याचा निष्कर्ष आपल्यापैकी अनेकांना पटणार नाही. नवे बियाणे हवे म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. पण कापूसवाल्याचे म्हणणे संसदेच्या कागदावर चढले, ही गोष्ट मोठी. उलट २०२० चे तीन कृषी कायदे समितीकडे न जाताच मंजूर झाले आणि २०२१ मध्ये मागे घ्यावे लागले. ते बरे की वाईट, यावर वाद घालू. पण शेतकऱ्याला आधी विचारले नाही, यावर वाद नाही.

कोणी म्हणेल, आमदारांना काय कमी मिळते, आणखी पैसा कशाला? पैसा आमदाराच्या खिशात नको, समितीच्या कामाला हवा. धरणाचा खर्च तपासायला अभियंता लागतो, बियाण्याचा प्रश्न समजायला कृषी जाणकार लागतो, वह्या वाचायला हिशेबनीस लागतो. हे नसेल तर समितीने प्रश्न विचारायचे ते खात्यानेच लिहून दिलेल्या टिपणावरून. ब्रिटनमध्ये १९७८ च्या कायद्याने लोकसभागृहाचा खर्च ठरवण्याचे काम सभापतींच्या आयोगाकडे दिले, सरकारच्या तिजोरी खात्याकडे ठेवले नाही. कारण साधे आहे: ज्याला तपासायचे, त्याच्याकडे हात पसरू नये.

म्हणून आपल्या मागण्या अशा :

१. समितीच्या दौऱ्याचा सगळा खर्च विधिमंडळाच्या तरतुदीतून व्हावा. खात्याकडून चहासुद्धा नको.

२. प्रत्येक दौऱ्याचा खर्च महिनाभरात जाहीर व्हावा.

३. समित्यांना स्वतःचे जाणकार कर्मचारी द्यावेत.

४. दौऱ्यात विश्रामगृहाऐवजी एक बैठक गावच्या चावडीवर व्हावी आणि आपले म्हणणे इतिवृत्तात लिहून घ्यावे.

समित्या नेमण्याचा अधिकार विधानसभेच्या अध्यक्षांचा. २००९ ते २०१४ ते पद आंबेगावचेच आमदार दिलीप वळसे पाटील यांच्याकडे होते. तेव्हा ही वाट आपल्याला अनोळखी नाही. प्रत्येक ग्रामसभेने या चार मागण्यांचा ठराव करावा, एक प्रत आमदाराला द्यावी, एक अध्यक्षांना पाठवावी आणि पोच जपून ठेवावी.

त्या जेवणाचे पैसे आजही आपणच देतो. ते उघडपणे देऊ, आणि पावती मागून घेऊ.