गोधडी आणि तिचे टाके



हिपहॉप म्हणजे जुन्या तबकड्यांची उचलेगिरी, असा आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याला उत्तर म्हणून मी २००४ साली अमेरिकेत निघालेल्या ‘मॅडव्हिलनी’ या ध्वनिमुद्रिकेकडे बोट दाखवीन. तिचे संगीतकार मॅडलिब यांनी त्यातल्या काही रचना ब्राझीलमधील साव पाउलोच्या एका हॉटेलात, जुन्या तबकड्या आणि एक लहानसे यंत्र एवढ्याच सामग्रीवर बांधल्या. तुकडे दुसऱ्यांचे खरे. त्यांचे ऋण मानलेच पाहिजे. पण आजीच्या गोधडीत चिंध्या कोणाच्याही असोत, टाका आजीचाच असतो!

खरी चोरी निराळीच झाली. प्रकाशनापूर्वी वर्षाहून अधिक काळ आधीच कच्ची प्रत बाहेर फुटली. दोघेही खट्टू झाले, दुसऱ्या कामाला लागले. पण पुढे ते परतले. धातूचा मुखवटा घालणारे कवी एम. एफ. डूम यांनी तेच शब्द अधिक संथ, खालच्या आवाजात पुन्हा म्हटले. २२ तुकडे, सुमारे ४६ मिनिटे. बहुतेकांना ध्रुपदच नाही.

डूम २०२० साली निवर्तले. चोरलेली प्रत आज मागे पडली आहे. लोक ऐकतात ती दुसऱ्यांदा घातलेल्या टाक्यांची गोधडी. उचलणे आणि घडविणे यांतला फरक तो हाच.