कुत्र्याच्या अंगावरील गाठी : चरबीची कोणती, घातक कोणती?

(पशुपालक मेळाव्यात दिलेले भाषण)



गाईच्या कासेला थोडी सूज दिसली तरी आपण त्याच दिवशी डॉक्टरांना बोलावतो, कारण संध्याकाळचे दूध कमी होते. रात्रभर वस्ती राखणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर मात्र लिंबाएवढी गाठ आली, तरी "आवाळू असेल, वयच झालंय त्याचं" असे म्हणून आपण वर्ष वर्ष तिच्याकडे पाहत नाही. आज या गाठींविषयी चार गोष्टी सांगणार आहे.

प्रथम दिलाशाची गोष्ट. मध्यम वयाच्या व म्हाताऱ्या कुत्र्यांत, विशेषतः अंगाने सुटलेल्या कुत्र्यांत, कातडीखाली चरबीच्या गाठी होतात. छाती, पोट, काख आणि मांडी या जागी त्या अधिक आढळतात. अशी गाठ बहुधा मऊ असते, बोटाने ढकलल्यास सरकते, दुखत नाही आणि सावकाश वाढते. हा कर्करोग नव्हे. गाठ चरबीचीच आहे अशी खात्री झाली आणि कुत्र्याला तिचा त्रास नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. काखेतील गाठ वाढून पाय टाकताना अडथळा होऊ लागला, तर शस्त्रक्रिया करून ती काढता येते.

आता अडचण कोठे आहे ते पाहू. कातडीत होणारा कर्करोगाचा एक प्रकार हाताला अगदी चरबीच्या गाठीसारखा लागतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका पशुपालकाने आपला कुत्रा माझ्याकडे आणला होता. त्याच्या छातीवर पेरूएवढी आणि मांडीवर बोराएवढी गाठ होती. मालकाला मोठ्या गाठीची काळजी होती. मी दोन्ही गाठी चाचपल्या आणि "चरबी आहे, घाबरू नका" असे सांगून त्याला परत पाठवले. सहा महिन्यांनी कुत्रा पुन्हा आला. छातीवरची गाठ होती तेवढीच होती. मांडीवरची फुटली होती आणि रोग पुढे पसरला होता. त्या कुत्र्याला मी वाचवू शकलो नाही. तेव्हापासून केवळ हात लावून मी कोणत्याही गाठीचे नाव सांगत नाही. आपणही सांगू नये, आणि कोणी सांगितले तर "सुई घालून तपासता का?" असे जरूर विचारावे.

ही तपासणी सोपी आहे. इंजेक्शनच्या बारीक सुईने गाठीतील थोड्या पेशी ओढून घेतात, काचपट्टीवर पसरतात आणि रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बहुतेक वेळा भूल द्यावी लागत नाही. सुईने निदान झाले नाही, तर गाठीचा छोटा तुकडा काढून तपासावा लागतो. जवळच्या दवाखान्यात सोय नसल्यास मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर किंवा शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी.

तपासणी केव्हा करावी? गाठ साधारण १ सें.मी. म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढी झाली असेल, किंवा महिना उलटूनही गेली नसेल, तर तपासून घ्यावी. पुढील गाठींच्या बाबतीत मात्र महिनाभरही थांबू नये.

१) कुत्रीच्या सडांच्या ओळीतील गाठ. तांदळाच्या दाण्याएवढी असली तरी दाखवावी. अशा गाठींपैकी बऱ्याच कर्करोगाच्या असतात. लहान असतानाच काढल्यास कुत्री वाचण्याची शक्यता अधिक असते.

२) जननेंद्रियावरील फुलकोबीसारखी, रक्त गळणारी गाठ. कुत्री माजावर आली असे समजून पुष्कळदा याकडे दुर्लक्ष होते. हा रोग समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याला होतो. व्हिन्क्रिस्टिन या औषधाची शिरेतून दर आठवड्याला काही इंजेक्शने दिल्यास बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. हे औषध शिरेबाहेर गेल्यास मांस सडते, म्हणून ते डॉक्टरांकडूनच द्यावे. उपचार पूर्ण होईपर्यंत कुत्रा मोकळा सोडू नये.

३) जबड्याखाली, खांद्यापुढे आणि मागच्या गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना आलेल्या टणक गाठी.

४) झपाट्याने वाढणारी, फुटलेली, अथवा आज मोठी तर उद्या लहान दिसणारी गाठ.

कुत्र्यांच्या भांडणात दात लागून दोन-तीन दिवसांत आलेली गरम, दुखरी सूज बहुधा गळू असते. तेही घरी फोडू नये.

गाठीवर बिब्बा किंवा चुना लावणे, डाग देणे, दोरा आवळणे, ब्लेडने कापणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्याने वरची कातडी सडते, आतला रोग तसाच राहतो. माणसांच्या दुखण्यावरील गोळ्याही देऊ नयेत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडे निकामी होतात. आणखी एक सूचना : गोचीड समजून काही जण कुत्र्याचे सडच ओढतात. नर कुत्र्यालाही सड असतात, हे लक्षात ठेवावे. ओढण्यापूर्वी केस बाजूला करून नीट पाहावे.

दर महिन्याला गोचीड काढताना मानेपासून शेपटीपर्यंत सर्व अंगावरून हात फिरवावा. गाठ लागल्यास दोऱ्याने मापून तारीख, जागा आणि माप दुधाच्या हिशेबाच्या वहीत लिहावे. "वाढली असं वाटतंय" यापेक्षा वहीतील माप डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. दुखऱ्या गाठीला हात लावताना ओळखीचा कुत्राही चावतो, म्हणून त्याचे तोंड सुती पट्टीने बांधावे.

पिल्ले नको असतील, तर कुत्रीची नसबंदी लहान वयातच करून घ्यावी. त्यामुळे सडांच्या गाठींचा धोका कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याचा आजारही टळतो. योग्य वय डॉक्टरांना विचारून ठरवावे.

बंधू-भगिनींनो, कुत्रा आपले दुखणे सांगत नाही आणि त्याच्या दुखण्याने दूधही घटत नाही. म्हणून त्याची गाठ आपल्या हाताला लागली, तरच कळणार आहे. आज घरी गेल्यावर एकदा त्याच्या अंगावरून हात फिरवून पाहा, एवढीच विनंती.