श्रमाचा वाटा, निर्णयाचा हक्क



सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचे चित्र शहरातील प्रत्येक कार्यकर्त्याच्या परिचयाचे आहे. गच्चीवर खुर्च्या मांडलेल्या असतात. ठरल्या वेळी सचिव, खजिनदार आणि पाच-सात वयोवृद्ध सभासद येतात. गणपूर्तीअभावी सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि मग त्याच जागी, तितक्याच माणसांत, गणपूर्तीच्या अटीवाचून पुन्हा भरते. ताळेबंद मंजूर होतो, चहापान होते, सभा संपते. दुसऱ्या दिवसापासून मात्र जिन्याजिन्यात तक्रारींना ऊत येतो.

या अनास्थेचे खापर सभासदांच्या स्वभावावर फोडण्याची रीत आहे. ‘लोकांना कशाचे काही पडलेलेच नाही,’ असे म्हटले की कार्यकारिणीची जबाबदारी संपते. पण समाजवाद्याने हे निदान मान्य करणे म्हणजे लोकशाहीवरील विश्वासालाच तिलांजली देणे होय. खरा प्रश्न निराळा आहे : सभासदाच्या हाती खरे काम आणि खरा निर्णय किती ठेवला आहे?

मुंबईत गावदेवी येथे १९१५ साली तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तेथे माणसे आधी एकत्र आली आणि मग घरे उभी राहिली. पुढे हा क्रम उलटला. आज बहुधा बिल्डर इमारत बांधतो, सदनिका विकतो आणि त्यानंतर कायद्याची गरज म्हणून संस्था नोंदवली जाते. माणूस प्रथम गिऱ्हाईक होतो व नंतर नाइलाजाने सभासद. गिऱ्हाइकाची वृत्ती मासिक वर्गणी भरून सेवा मागण्याची असते. त्याच्याकडून सहकाराची अपेक्षा करणे म्हणजे न पेरलेले पीक कापू पाहणे होय.

या संदर्भात दक्षिण अमेरिकेतील उरुग्वे या छोट्या देशाचा अनुभव मननीय आहे. १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने तेथे परस्पर-साहाय्याच्या सहकारी संस्थांना मान्यता मिळाली आणि १९७० साली ‘फुकव्हाम’ हा त्यांचा महासंघ स्थापन झाला. बांधकामासाठी शासन कर्ज देते आणि सभासद आपला वाटा श्रमाच्या रूपाने भरतात. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याला साधारणपणे एकवीस तास काम करावे, असा दंडक पडला. कारखान्यातील पाळी संपवून कामगार आणि त्यांच्या घरातील स्त्रिया बांधकामावर येत. कोणते घर कोणाचे, हे मात्र अनेक संस्थांत बांधकाम संपत आल्यावर चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणून प्रत्येक भिंत सारख्याच काळजीने उभी राहते. घरांची मालकी संस्थेची असते, कुटुंबाला वापराचा हक्क असतो आणि मत प्रत्येक सभासदाला एकच.

या शिस्तीचे मोल पुढे कळले. १९७३ ते १९८५ या काळात तेथे हुकूमशाही होती. सामूहिक मालकी मोडून घरे वैयक्तिक मालकीची करण्याचा घाट सत्ताधाऱ्यांनी घातला, तेव्हा फेब्रुवारी १९८४ मध्ये सभासदांनी घरोघर फिरून एका दिवसात लाखो सह्या गोळा केल्या. विटा वाहताना जुळलेली माणसेच दडपशाहीसमोर उभी राहिली.

अर्थात, घरे पुरी झाल्यावर उत्साह ओसरतो, हा अनुभव तेथेही चुकलेला नाही. त्यावर उपदेशाचा उपाय चालत नाही. वाचनालय, बालवाडी, सभागृह अशी सामायिक कामे चालू राहिली, तेथेच संस्था जिवंत राहिली.

महाराष्ट्रातील तयार इमारतींत विटा वाहण्याचा प्रसंग येणार नाही, परंतु तत्त्व तेच आहे. पाण्याची टाकी, कचऱ्याचे वर्गीकरण, हिशेबाची तपासणी, आजारी शेजाऱ्याची विचारपूस ही कामे लहान गटांत, पाळीपाळीने वाटून द्यावीत. मोठ्या खर्चाची अंदाजपत्रके सभेपूर्वी प्रत्येक मजल्यावर चर्चेला जावीत. सभेत केवळ हात वर करण्यासाठी बोलावलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. सदनिका पतीच्या नावे असल्यामुळे मत त्याचे, आणि पाणी-कचऱ्याची विवंचना मात्र पत्नीची, ही विसंगतीही दूर झाली पाहिजे. संयुक्त सभासदत्वाचा आग्रह धरणे हे त्याचे पहिले पाऊल होय. भाडेकरूला कायद्याने मत नसेल, पण त्याचे म्हणणे ऐकण्यास कायद्याची आडकाठी नाही.

हे काम क्षुल्लक वाटेल. राज्यसत्तेच्या प्रश्नांपुढे जिन्यातल्या दिव्याची काय मातब्बरी? परंतु ज्या माणसाला स्वतःच्या इमारतीच्या कारभारात आपला शब्द चालतो असा अनुभव नाही, त्याने देशाच्या कारभारावर हक्क सांगावा, ही अपेक्षा पोकळ ठरते. कार्यकर्त्याने व्यासपीठावरून सहकाराचा गौरव जरूर करावा. पण पुढील सभेपूर्वी शेजारच्या चार दारांवर थाप मारून, ‘हे काम तुमच्याशिवाय होणार नाही,’ असे सांगावे आणि ते खरे करून दाखवावे.