वीणेचा पहारा



दिंडीला 100 वर्षं झाली, तुम्ही विणेकऱ्यांनी चार शब्द बोला, असा निरोप आला. आता बोलणं काही आमचं काम नाही, उभं राहणं आमचं काम. म्हणून जी गळ्यात घेऊन आम्ही उभे राहतो, त्या वीणामाउलीविषयीच बोलतो.

दिंडीत पुढं पताका, मागं टाळकऱ्यांच्या दोन रांगा, मृदंग आणि मधोमध वीणा. टाळ शंभर असतील, वीणा एकच. तिच्यावर कुणी राग वाजवत नाही, तारा नुसत्या छेडायच्या. टाळाचा ठेका बदलतो, मृदंग चढतो-उतरतो, अभंगाची चाल बदलते. वीणेचा सूर तोच. नाम कसं घ्यावं ते ती दाखवते. सुखात तेच, दुःखात तेच.

मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी भोपळे आणतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याच्या रानातले. म्हणजे वाद्य मिरजेला घडतं, पण त्याचं पोट पांडुरंगाच्या मातीत वाढतं. शेतातला भोपळा नारदमहर्षींच्या खांद्यावर बसायच्या योग्यतेचा होतो, तर माणूस का होणार नाही?

वीणेची पूजा आपल्याला ठाऊक आहे. गंध, बुक्का, तुळस, हार. सप्ताहाला वीणापूजनानंच सुरुवात होते. पण खरी पूजा पहारा बदलताना होते, बघा. येणारा वाकतो, वीणा गळ्यात घेतो, मग दोघं एकमेकांच्या पाया पडतात. वीणा गळ्यात असली की सत्तरीचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात. पोरगं लाजतं. लाजू नको बाळा, तो नमस्कार तुला नाही, वीणेला आहे. ती उतरली की तूच आजोबांच्या पाया पडायचं. कुणाच्या घरचा, कुठल्या जातीचा, किती जमिनीचा, हे वीणा विचारत नाही.

आता मनातलं बोलतो. आपल्या सप्ताहात दोन-दोन तासांचे पहारे. दिवसाचे 12, सात दिवसांचे 84. दिवसाच्या पहाऱ्याला नावं भरपूर. रात्री दोन ते चारची जागा मात्र वहीत कोरी राहते. पोरं पोटासाठी पुण्या-मुंबईला गेली, त्यांना बोल कसा लावायचा? मग तीच दोन-तीन म्हातारी माणसं दुहेरी पहारा करतात. कुणी सुचवतं, रात्री वीणा स्टँडवर ठेवा, नामाचं रेकॉर्डिंग लावा. नको, माउली! वीणा खाली ठेवायची नाही याचा अर्थ लाकूड जमिनीला टेकू नये, एवढाच नाही. ती जागत्या माणसाच्या गळ्यात असावी, नाम जागत्या माणसाच्या मुखात असावं. हार घालणारे पुष्कळ मिळतात, पहारा देणारा हवा.

आपल्या आयाबहिणी डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चालतात. त्यांनी यंदा पहाटेचे पहारे मागितलेत. काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या. आम्ही सगळ्या विणेकऱ्यांनी बसून ठरवलं, द्यायचे. वीणा माणूस पाहत नाही, मग आपण पाहणारे कोण?

पहाऱ्याची वही मंडपात ठेवली आहे. जाताना ज्यानं त्यानं आपलं नाव घालावं. दोन तास फार नाहीत. आपल्या आधीच्यांनी 100 वर्षं खाली न ठेवलेली वस्तू आहे ही.

रामकृष्णहरी!