चार पावले उंबरठ्याबाहेर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 कार्यवाहबाईंनी विषय दिला तो 'आपल्यातील वीरवृत्ती' हा. मी तो घरी सांगितला तेव्हा शेजारच्या वहिनी हसून म्हणाल्या, "अहो, आपण लाटणे धरणाऱ्या बायका. वीरवृत्ती तलवार धरणाऱ्यांची. आपला तिच्याशी काय संबंध?" वहिनी आज येथेच बसल्या आहेत. तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यादेखतच द्यावे हे बरे.

वहिनींच्या बोलण्यातले लाटणेच मी प्रथम हातात घेते. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला होता. साखर, तेल, रॉकेल, धान्य, काहीही धड मिळेना आणि मिळाले तर परवडेना. त्या वर्षी मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, मते वेगळी. परंतु रिकाम्या डब्याला पक्ष नसतो हे ओळखून त्या आणि त्यांच्यासारख्या अनेकजणी एकत्र आल्या. हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या त्या हातात लाटणी घेऊन आणि थाळ्या वाजवीत. मोर्चात निघण्यासाठी त्यांना कोठून शस्त्र आणावे लागले नाही. जे रोज हातात होते तेच घेऊन त्या बाहेर पडल्या. वहिनी, लाटण्याचा आणि वीरवृत्तीचा संबंध आहे तो असा.

मृणालताईंचे नाव आपल्या उपनगरांत कोणाला ठाऊक नाही? १९२८ साली जन्मलेल्या या बाईंनी समाजकार्यासाठी डॉक्टरीचे शिक्षण मध्येच सोडले. केशव ऊर्फ बंडू गोरे यांच्याशी विवाह झाल्यावर गोरेगावात संसार मांडला आणि तेथे काम सुरू केले ते आपल्यासारख्याच एका महिला मंडळाचे. १९५८ साली पती गेले. पदरात लहान मुलगी. एवढ्यावर एखादीने दार लावून घेतले असते तरी कोणी नाव ठेवले नसते. ताईंनी दार लावले नाही.

त्या वेळची आपली उपनगरे कशी होती हे तरुण मुलींना सांगायला हवे. १९५० साली मुंबई महापालिकेची हद्द जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत आली व १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. हद्द कागदावर वाढते, नळ मात्र कागदावर वाहत नाहीत. वस्ती वाढत होती आणि पाणी पोचत नव्हते. १९६१ साली मृणालताई महापालिकेवर निवडून गेल्या आणि त्यांनी पाण्याचा प्रश्न धसास लावला. बायकांना हंडे-कळशांसह संघटित केले, अधिकाऱ्यांना गाठले, सभागृहात भांडल्या. लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणू लागले. पुढे १९७२ साली त्या विधानसभेत गेल्या, आणीबाणीत तुरुंगात गेल्या, १९७७ साली लोकसभेत गेल्या. २०१२ साली त्यांचे निधन झाले. परंतु मला विचाराल तर त्यांच्या साऱ्या पदांहून ते 'पाणीवाली बाई' हे नाव मोठे आहे. ते कोणत्याही सरकारने दिलेले नाही; नळाशी उभ्या राहणाऱ्या बायकांनी दिलेले आहे.

भगिनींनो, पाण्याची टंचाई सर्वात आधी कोणाला कळते? पहाटे उठून पिंपे भरणारीला. नळ किती वाजता आला, किती वेळ टिकला, धार केवढी होती, हे तिला तोंडपाठ असते. मृणालताईंनी या घरगुती माहितीला चव्हाट्यावर नेऊन तिचा जाब मागितला. आपण बायका ज्याला रोजची कटकट म्हणतो, तीच नीट मांडली की सार्वजनिक प्रश्न होतो.

आता कोणी म्हणेल, ताई थोर होत्या, आम्ही सामान्य. तेव्हा ज्यांची नावे कोठेच छापली गेली नाहीत अशांची आठवण करून देते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली. हजारो माणसे रुळांवरून, गळ्याएवढ्या पाण्यातून चालत निघाली. त्या रात्री उपनगरांतल्या किती घरांनी अनोळखी माणसांना आत घेतले! कोणी चहा दिला, कोणी कोरडे लुगडे दिले, कोणी खिचडी टाकली. जात विचारली नाही, गाव विचारले नाही. पुढच्याच वर्षी, ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. तेव्हा पोलीस आणि रुग्णवाहिका येण्याआधी धावली ती रुळांलगतच्या वस्त्यांतील माणसे. घरातल्या चादरी आणून त्यांनी जखमींच्या झोळ्या केल्या. ज्या घरात चादरीच मोजक्या, त्या घरातली चादर ती. तिचे मोल कशाने करायचे?

संकट मोठे असले की माणूस धावतो, हे खरे. संकट लहान असले, शेजारचे असले आणि रोजचे असले की मात्र पाय अडतो. माझ्या मते खरी कसोटी तेथे आहे, म्हणून एक हकिकत सांगते. नावे व गल्ली सांगणार नाही, आणि आपणही तर्क करू नयेत ही विनंती.

एका इमारतीत एक गृहस्थ रात्री घरी आले की बायकोला मारीत. भिंती पातळ, सगळ्यांना ऐकू येई. कोणी दूरदर्शनचा आवाज वाढवी, कोणी खिडकी लावून घेई. "नवराबायकोचे भांडण, आपण कशाला मध्ये पडा?" हे प्रत्येक घरातले वाक्य. त्याच मजल्यावर साठी उलटलेल्या एक काकू राहत. एका रात्री दहाच्या सुमारास त्यांनी वाटी घेतली आणि त्या दाराची कडी वाजवली. दार उघडताच म्हणाल्या, "विरजण संपलंय गं, चमचाभर देतेस का?" आणि आत जाऊन बसल्या. पाऊण तास बसल्या. त्या रात्री हात उठला नाही.

दुसऱ्या दिवशी काकू माझ्याकडे आल्या. "उद्या तू जा. साखर माग." मी गेले. तिसऱ्या दिवशी तिसरी गेली. असे आम्ही सहाजणींनी वार वाटून घेतले. महिनाभर त्या घराचे दार रोज रात्री वाजत होते. गृहस्थांना कळले की आता आपले घर ऐकले जाते. ते काही संत झाले नाहीत. पण त्या मुलीला कळले की आपण एकटी नाही, आणि हे कळल्यावर तिने स्वतः बोलायचे ठरविले. काकूंनी तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे नेले. पुढचा मार्ग तिचा तिने काढला. आज ती स्वतःच्या कमाईवर उभी आहे, एवढेच सांगते.

काकूंपाशी काय होते? अधिकार नव्हता, पैसा नव्हता, शरीरात बळही नव्हते. एक वाटी होती आणि उठण्याची तयारी होती. भीती त्यांनाही वाटली होती. "छाती धडधडत होती गं," असे त्यांनी मला सांगितले. भीती जाईपर्यंत थांबलेली बाई कधीच उठत नाही. काकू भीतीला बरोबर घेऊनच उठल्या.

पुष्कळदा आपल्याला अडवते ती अर्धवट माहिती. म्हणून दोन गोष्टी गाठीला बांधून घ्या. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा २००५ साली झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याप्रमाणे शेजारणीलाही संरक्षण अधिकाऱ्याकडे खबर देता येते. प्रामाणिकपणे दिलेल्या खबरीबद्दल तिच्यावर कारवाई होत नाही. तसेच रस्त्यावरील अपघातात जखमीला मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा लागेल, ही भीती. २०१९ सालच्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याने जबाबदारी येत नाही आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, हे आकडे भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. हळदीकुंकू, भोंडला, पाककृती हे सारे आपण करतोच आणि ते करावेच. त्यातूनच आपली ओळख होते आणि ओळखीवाचून कडी वाजविता येत नाही. त्याला एवढीच जोड द्या. प्रत्येक इमारतीतून दोघींनी आपल्या मजल्यांची जबाबदारी घ्यावी. एकटे राहणारे वृद्ध कोण, बाळंतीण कोण, सतत आजारी कोण, कोणाच्या दारातली दुधाची पिशवी दुपारपर्यंत तशीच पडली आहे, एवढे पाहावे. काही वावगे दिसले तर एकटीने जाऊ नये. दुसरीला हाक मारून दोघींनी जावे. याला निधी लागत नाही, ठरावही लागत नाही. नावे आजच, चहाच्या वेळी, कार्यवाहबाईंकडे द्यावीत. पहिले नाव मी माझे देते. दुसरे वहिनींचे घालू का, ते त्यांनी सांगावे.